रानहंसांची दुसरी रांग

"बाई, नीन्केनं परत उलटं चिकटवलं!" डौवे ओरडला आणि वर्ग खिदळला.

वीत्स्केबाई वळल्या. खेळ साधा होता: पुठ्ठ्याच्या चौकोनाच्या वरच्या कडेतून हवा तो आकार कापायचा, सरळ खाली सरकवून खालच्या कडेला चिकटवायचा आणि तो साचा कागदभर गिरवत जायचं. कुठे फट राहत नाही, कुठे एकावर एक येत नाही. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या या खेड्यातल्या प्राथमिक शाळेत बाई वर्षानुवर्षं शेवटच्या वर्गाला हा खेळ देत. गणिताला घाबरणारी पोरंही त्यात रमत.

नीन्केचा साचा रानहंसाचा होता, पण तिने कापलेला तुकडा पालथा चिकटवला होता. बाईंना वाईट वाटलं. पोरगी विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जाणार की हातचं काम शिकवणाऱ्या, हे आज शाळा सुटल्यावर तिच्या आईला सांगायचं होतं. गणितात नीन्केची बोंबच होती. बाईंचं मत जवळजवळ ठरलं होतं.

"काढ गं ते. फटी राहतील."

"नाही राहत, बाई. पुढच्या रांगेला मी साचाच पालथा घालते."

बाई हसत वाकल्या आणि तशाच थांबल्या. रानहंसांची एक रांग उजवीकडे निघाली होती, तिच्याखालची डावीकडे. वरच्यांचं पोट तीच खालच्यांची पाठ. केसाएवढीही फट नव्हती.

"तुला सुचलं कसं हे?"

"सुचलं कुठं? चुकलं, मग बघत बसले. हंस जातात तसे परत येतातच की."

पोरं भोवती गोळा झाली. डौवेसुद्धा मान लांबवून बघू लागला. इतकी वर्षं हा चौकोन हाताळूनही त्याच्या पोटातलं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी नीन्केची आई आली. आउक्ये दुधाच्या डेअरीतून थेट आली होती, पांढरे गमबूट तसेच पायात. लहानपणी तीही याच वर्गात बसायची.

"सांगा, बाई. मनाची तयारी करूनच आलेय."

"विद्यापीठाच्या वाटेला लाव तिला. गणितासाठी," बाई म्हणाल्या आणि कागद पसरला.

आउक्येने कागद जवळ ओढला.

"माझंही असंच उलटं लागलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही काढून सरळ लावून दिलं होतंत."

आवाजात राग नव्हता. आउक्येचं गार पाण्याने भेगाळलेलं बोट वरच्या रांगेवरून कागदाच्या कडेपर्यंत गेलं आणि खालच्या रांगेवरून सावकाश परत आलं.