जुन्या धक्क्यावरचं पापलेट

पनवेलच्या जुन्या धक्क्याच्या नाक्यावर मे महिन्यात ऊन पडत नाही, ते तिथं बिऱ्हाड करून राहतं. सकाळी ताजी कोलंबी पाटीत मांडावी, तर दुपारपर्यंत ती आपणहून गुलाबी होऊन गिऱ्हाइकाकडं बघू लागते. एक गृहस्थ म्हणे घरून नुसतं आलं-लसूण वाटून आणायचे, मासा विकत घ्यायचे, चोळायचे, तिथल्याच कडप्प्यावर ठेवायचे आणि खाऊन हात पुसत घरी जायचे. हे सांगणाऱ्यांपैकी निम्मे थापा मारत असतील. उरलेल्या निम्म्यांना त्या गृहस्थांचं नाव पाठ आहे.

या नाक्यावर कोळणींचा ओटा आहे. ओट्यावर पूर्वी ताडपत्री होती. रस्ता रुंद करताना ती काढली आणि पक्कं छप्पर देतो असं सांगून नेली. ताडपत्री गेली, रस्ता रुंद झाला, छपराचं नाव नाही. पाचसहा बायका डोक्यावर ओलं फडकं टाकून बसत, आणि फडकं कपाळावर यायच्या आत वाळत असे.

रंभा त्या ओट्यावर सासूच्या जागी बसते. तिच्या उजव्या हाताला चंद्रावती बसायची. दोघींचं वैर लग्न होऊन आल्यापासूनचं. रंभानं भाव सांगितला की चंद्रावती गिऱ्हाइकाला हळूच म्हणायची, "ताजं पायजे तर हिकडं या बाय." मग जे जुंपायचं ते ऐकायला रिक्षा थांबायच्या, आणि थांबलेले लोक मासे घेऊनच जायचे. दोघींचाही धंदा त्या भांडणावर चालायचा, पण हे कबूल करण्यापेक्षा दोघींनी शिळे बोंबील खाल्ले असते.

एप्रिलमध्ये चंद्रावती मांदेली मोजता मोजता आडवी झाली. उन्हानं. डॉक्टरनं सांगितलं, "आता उन्हात बसायचं नाही. बसलात तर पुढच्या वेळी इथवर पोचणार नाही." म्हणजे छप्पर झालं तर चंद्रावती येणार, नाहीतर नाही. आणि ओट्यावरची रिकामी जागा फार दिवस कुणी रिकामी ठेवत नाही. रंभानं त्या जागेवर स्वतःची पाटी उपडी घालून ठेवली. कुणी विचारलं की म्हणायची, "माझी पाटी हाय, वाळत घातलीय." सुकी पाटी महिनाभर कशी वाळते, हे विचारायची छाती कुणाची नव्हती.

तेवढ्यात सरकारी योजना आली. 'आपला नाका, आपला निधी.' नाक्यावरच्या लोकांनी सांगायचं काय हवं, आणि निधीतून तेच होणार. नगरसेवक सत्यजीतनं समाजमंदिरात सभा बोलावली. रंभा उभी राहिली.

"भाऊ, आमाला छप्पर पायजे. पत्र्याचं चालंल, ताडपत्रीचं पन चालंल. डोक्यावर पायजे."

सगळ्या सभागृहानं हात वर केले. पंख्याखाली बसलेल्यांनीसुद्धा.

"झालंच समजा मावशी," सत्यजीत म्हणाला.

"समजत नाय मी. कवा ते सांगा."

"याच महिन्यात. आणि असं काम करतो, की लोक लांबून बघायला येतील."

"छप्पर बघाया लांबून कोन येतंय?"

लोक हसले, सत्यजीतही हसला. रंभाला नंतर वाटलं, हसू विझल्यावर तोच प्रश्न आपण पुन्हा विचारायला हवा होता.

मेच्या मध्याला टेम्पो आला. वरून झाकलेलं काहीतरी भलंमोठं. रंभानं हातातला सुरमईचा तुकडा गिऱ्हाइकाच्या पिशवीत न तोलताच टाकला आणि धावली. पत्रे असणार. झाकण काढलं, आणि आतून पापलेट हसलं.

फायबरचं पापलेट. रिक्षापेक्षा उंच, चंदेरी रंगाचं, लाल ओठांचं, आणि डोळ्यांना पापण्या. असल्या पापण्या लावून पापलेट कधी पाण्यात उतरलं असतं, तर लाजेनंच जाळ्यात शिरलं असतं. शेजारी एक हृदय आणि उभं राहून फोटो काढायला एक पायरी. कामगारांनी ओट्यावरची एकमेव मोकळी जागा बघितली, रंभाची पाटी उचलून बाजूला ठेवली आणि चंद्रावतीच्या जागेवर पापलेट उभं करून बोल्ट आवळले.

रंभा तडक सत्यजीतच्या ऑफिसात गेली. तिथला एसी इतका गार होता, की तिला बर्फाच्या पेटीत शिरल्यासारखं झालं.

"भाऊ, छप्पर कुठाय?"

"पहिलं बसा मावशी. मासा पाहिलात? सेल्फी पॉइंट. सगळ्या शहरात असा मासा नाही."

"समिंदरात पन नाय. छप्पर कुठाय?"

सत्यजीतनं समजूत घातली. छप्पर म्हणजे बांधकाम. बांधकामाला परवानगी लागते, नकाशा लागतो, रस्त्याच्या हद्दीचा प्रश्न येतो. मासा म्हणजे सुशोभीकरण. सुशोभीकरणाला काही लागत नाही. निधी तर या महिन्यात वापरायलाच हवा होता. "आणि शेवटी तुमच्याच धंद्याचा मान केलाय ना. पापलेट आहे, बैल नाही आणला."

"बैल आनला असता तर सावलीला तरी उभी राहिली असती. ह्या तुमच्या माशाची सावली सकाळी गटारावर पडतं नि दुपारी त्याच्याच पोटाखाली."

"मावशी, रविवारी उद्घाटन आहे. तुम्ही सगळ्या चांगल्या साड्या नेसून या. फोटो येईल."

"चंद्रावतीची जागा गेली."

"कोण चंद्रावती?"

रंभा उठली. "ऊन लागून पडलेली बाय. तिच्यासाठी छप्पर मागितलं होतं. तू सभेत 'झालंच समजा' म्हनलास." दारातून निघताना ती 'तुमी'वरून 'तू'वर आली होती, आणि सत्यजीतला ते कळलं होतं.

ओट्यावर परतली तर दोन मुली पापलेटाला टेकून ओठांचा चंबू करत होत्या. त्या गेल्यावर रंभानं रागाच्या भरात माशाच्या पोटात बुक्की हाणली. ढम्म आवाज आला. तिनं पुन्हा हाणली. मग हात खाली आला तो सावकाश.

काशिराम तिचा दीर. होड्यांना फायबरचे थर चढवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. शनिवारी तिनं बोलावल्यावर तो आला, माशाला टकटक केली, पापण्यांकडं बघून थोबाड वाकडं केलं.

"पोकळ हाय वैनी. पन फायबर बरा हाय. होडीला लावला असता तर पावसाळं काढलं असतं."

"दोन भाग होतील?"

"कंचे?"

"एक हे अंग, एक ते अंग. मदी काटा नाय, मंग अडचन काय?"

काशिरामनं माशाकडं बघितलं, मग उघड्या ओट्याकडं, मग पुन्हा माशाकडं. "पोलीस आलं तर?"

"मी बघतंय."

रविवारी उजाडताच, भर रस्त्यात, दूधवाले-पेपरवाले बघत असताना काम सुरू झालं. बोल्ट सुटले. मासा आडवा झाला. रंभानं कोयत्याच्या टोकानं तोंडापासून शेपटीपर्यंत रेघ ओढली आणि काशिरामनं त्या रेघेवरून कटर फिरवला. पांढरा भुगा असा उडाला, की कर्नाळ्याच्या अभयारण्यातले पक्षी हिमालय जवळ आला समजून परत जायची तयारी करू लागले, असं काशिराम अजून सांगतो. मासा उघडला. दोन मोठ्ठे उथळ शिंपले व्हावेत तसे दोन भाग. बांबू रोवले, जाळ्याचे दोर आवळले, आणि एक अंग इकडं, एक अंग तिकडं, पोकळ बाजू खाली करून चढवलं. बायका खाली बसल्या. एकीनं डोक्यावरचं फडकं काढून मांडीवर ठेवलं, एवढंच.

दहाच्या सुमाराला बँजोवाल्यांना घेऊन सत्यजीत आला. पांढरा शर्ट, मागं फोटोग्राफर, हातात कात्री. फीत कुठं बांधायची हे बघायला त्यानं मान वर केली आणि बँजो आपोआप थांबला.

"हे काय केलंत?"

"कापला," रंभा म्हणाली.

"सार्वजनिक मालमत्ता आहे ही. नासधूस केलीत. गुन्हा दाखल होईल."

"कोलनीच्या ओट्यावर मासा आनून ठेवलास, त्यो कापल्याबिगर राहील काय? नासधूस कुठाय, दाखव. डोला हाय, शेपूट हाय, पापन्या पन हायेत. नुसता आडवा हाय. सुशोभीकरन."

रस्त्यावरची गर्दी हसली. फोटोग्राफर हसला. सत्यजीतनं गर्दीकडं बघितलं, मोबाइल वर करून उभ्या असलेल्या लोकांकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा बदलला. राजकारणात तो उगाच नव्हता. हसत हसत तो पुढं झाला. "अहो, कल्पना छान आहे. निधीतूनच झालंय शेवटी. चला, आत येऊन फीत कापतो."

रंभा ओट्याच्या कडेला उभी राहिली. हातातला कोयता तिनं खाली ठेवला, त्याची गरज नव्हती.

"आत यायचं नाय."

"मावशी, काय हे."

"सावलीत यायचं नाय. तिथं उभा ऱ्हा. काय बोलायचं ते तिथून बोल."

सत्यजीतनं तिथून भाषण सुरू केलं. ऊन तर कामावर हजरच होतं. दोन मिनिटांत त्याच्या केसांचा काळा रंग कानामागून निघाला आणि पांढऱ्या कॉलरवर उतरला. 'लोकसहभाग' हा शब्द अर्धाच राहिला. तो गाडीत जाऊन बसला, काच वर गेली, गाडी गेली.

हशा पिकला. पूर्वी नावाची स्थानिक बातम्या करणारी मुलगी माइक घेऊन पुढं आली, तीही हसतच. "मावशी, एकदम भारी. काय वाटतंय?"

"हसायला काय झालं गो?" रंभा म्हणाली. "आमी गंमत मागितली नव्हती. छप्पर मागितलं होतं. सगल्यांनी हात वर केलं होतं, तू पन असशील त्यात. एक बाय मरता मरता वाचली, तवा कुनी माइक आनला नाय. मासा कापला तर धावत आलीस. हे लिही. छप्पर मागितलं होतं, असं लिही. मंग हस."

पूर्वीनं माइक खाली घेतला. मग तिनं तो पुन्हा वर केला आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांगा." रंभानं सांगितलं. सांगताना तिचा राग कमी झाला नाही, उलट नीट लागला, चुलीसारखा.

दुपारी चंद्रावतीचा मुलगा जीवन तिला रिक्षानं घेऊन आला. ती वाळली होती. ओट्याशी आली, वर बघितलं, बांबू हलवून बघितला. पापलेट हलवताना बोल्टांची भोकं राहिली होती, त्यावर पोतं टाकून आपल्या जागी बसली. रंभाकडं तिनं बघितलं नाही, रंभानंही नाही.

"उद्या पोलीस आलं तर कोन जायाचं?" चंद्रावतीनं समोर बघत विचारलं.

"मी."

"मी पन येतंय."

"तू उन्हात यायची नायस."

चंद्रावतीनं पाटीतल्या बोंबलांवर पाणी शिंपडलं. समोरून एक बाई पिशवी घेऊन येत होती, रंभाचं पक्कं गिऱ्हाईक, वर्षानुवर्षांचं. चंद्रावती हळूच म्हणाली, "ताजं पायजे तर हिकडं या बाय."

रंभाच्या तोंडात उत्तर तयार होतं. ते तिनं गिळलं आणि गिऱ्हाईक जाऊ दिलं. त्या दिवसापुरतंच.