यादीतलं सव्विसावं हॉटेल

आईने व्हिसाच्या फोटोची कड कापता कापता स्वतःचा डावा कान कापून टाकला.

“आता?” कात्री खाली ठेवत तिने विचारलं.

“आता काय, दुसरा काढायचा. दोन्ही कान दिसले पाहिजेत असं स्पष्ट लिहिलंय,” थोरली म्हणाली. “स्टुडिओवाला कापून देतो, आई. तुला कुणी सांगितलं होतं?”

“त्याने वाकडा कापला होता.”

रविवारची सकाळ होती. जेवणाच्या टेबलावर पासपोर्ट, लसीची प्रमाणपत्रं आणि विम्याचे कागद पसरले होते. जावई लॅपटॉपवरून नियम वाचून दाखवत होता. विमान सुटण्याआधी बहात्तर तासांच्या आतली चाचणी. उतरल्यावर दुसरी. पहिल्या तीन रात्री सरकारमान्य यादीतल्याच हॉटेलात, आणि दुसऱ्या चाचणीचा निकाल येईपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. गेल्या आठवड्यापर्यंत या तीन रात्री पाच होत्या.

“परवा परत पाच करतील,” तो म्हणाला. “सरड्याने शिकवणी लावावी असे रंग बदलतात.”

दोन वर्षं बंद असलेल्या त्या देशाने या महिन्यात दार किलकिलं केलं होतं, तेही मुख्यतः पर्यटकांसाठी. नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांसाठी अर्जात एक रकाना होता, पण त्याला तिथे राहणाऱ्या नातेवाइकाच्या सहीचं पत्र लागत होतं. जावयाने ते वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि पान भरकन पुढे सरकवलं.

थोरलीचा धाकटा भाऊ जहाजावर आचारी होता. महामारीत त्याचं जहाज त्या देशाच्या बंदरात अडकलं. सगळ्यांना उतरवून एका हॉटेलात चौदा दिवसांसाठी एकेकट्याला खोलीत ठेवलं. पंधराव्या दिवशी तो घरी यायला निघणार होता. नवव्या दिवशीच गेला. आजाराने नाही. चाचणी नंतरही निगेटिव्हच आली. कागदावर हृदय लिहिलं होतं, आणि वय एकतीस. अंत्यविधी तिथल्या लोकांनी उरकला आणि घरच्यांना तो फोनच्या पडद्यावर सात मिनिटं दिसला. शेवटी एका माणसाने जमिनीत रोवलेल्या पाटीवरचा आकडा दाखवला. तो आकडा आईला पाठ होता.

म्हणून ते सुट्टीला चालले होते.

“पुन्हा एकदा,” थोरली म्हणाली. “येण्याचं कारण?”

“सुट्टी.”

“इथे तुमचं कोण आहे?”

आईने टेबलावरचा फोटो पालथा केला. “कोणी नाही.”

“बरोबर. आणि डोळ्यांत पाणी आणायचं नाही.”

“मी कांदा चिरतानासुद्धा रडत नाही, तुला माहितीये.”

खरी धास्ती थोरलीच्या लेकीची, चिंगीची होती. ती आता सहा वर्षांची झाली होती. मामा तिकडे गेला, एवढंच तिला तेव्हा सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. कालच ती खालच्या मजल्यावर जाऊन सांगून आली होती की आम्ही मामाच्या देशात चाललोय.

“चिंगे, विमानतळावरच्या काकांनी विचारलं, कशाला आलीस, तर काय सांगशील?” जावयाने विचारलं.

“पोहायला.”

“शाब्बास. अजून काही?”

“आणि मामाला सांगू नका. आम्ही त्याची गंमत करणार आहोत.”

जावयाने कपाळाला हात लावला. आईने चिंगीला जवळ ओढलं आणि तिची सुटलेली वेणी घालायला घेतली. वेणीचे दोन पेड पडल्यावर, मान वर न करता तिने विचारलं, “यादीत त्याचं हॉटेल आहे का गं?”

थोरलीने ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. एक्केचाळीस हॉटेलं, त्यातलं सव्विसावं.

“आहे. पण भरलंय.”

“विचारलंस?”

“साइटवर दिसतं ना.”

“साइटवर काय, तुमच्या दुकानाची वेळसुद्धा चुकीची दिसते. विचारून बघ.”

जावयाने बायकोकडे पाहिलं. पडदा त्याच्या समोरच होता आणि सव्विसाव्या ओळीपुढे ‘उपलब्ध’ असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

त्या संध्याकाळी थोरलीने हॉटेलला मेल केली. चौघांची नावं, वयं, तारखा, दोन खोल्या, खाली आपला फोन नंबर. आईला दाखवून केली, म्हणजे पुन्हा प्रश्न नको.

थोरली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दुकानाच्या मागच्या बाजूला तिची अंधारी खोली होती, समोर अक्षरांचा उजळलेला तक्ता, शेजारी भिंगांची लाकडी पेटी. गेली दोन वर्षं तिचा फोन त्या पेटीवर उताणा ठेवलेला असायचा. मध्येच उजेड पडला की गिऱ्हाइकं कुरकुरत. मालकाने दोनदा सांगून पाहिलं होतं. मग त्याने सांगायचं सोडून दिलं.

त्याआधी फोन ड्रॉवरमध्ये असायचा. धाकटा त्या खोलीतून दिवसाला वीस वीस फोन करी. खिडकीतून भिंतच दिसते, म्हणे. भिंतीवर किती पाइप आहेत ते सांगे, त्यांना त्याने नावं दिली होती. त्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ड्रॉवर तीनदा थरथरला. समोर एक म्हातारे गृहस्थ होते, पहिली काच बरी की दुसरी हे त्यांचं ठरत नव्हतं. थोरलीने गुडघ्याने ड्रॉवर घट्ट लावून घेतला. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

मंगळवारी दुपारी एक बाई तक्त्याची तिसरी ओळ वाचत असताना फोन उजळला. परदेशातला नंबर होता.

“मी हॉटेलमधून बोलतोय,” पलीकडचा माणूस म्हणाला. परकी भाषा त्यालाही थोडी अडखळत येत होती आणि तिलाही. “चौथ्या मजल्याच्या खोल्या मी बघतो. रिसेप्शनवरच्या मुलीने तुमची मेल दाखवली. आडनाव वाचलं. तुम्ही डोळे तपासणारी बहीण का?”

थोरलीने बाईंना हाताने थांबायची खूण केली आणि भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली.

“हो.”

“तो फार बोलायचा तुमच्याबद्दल. मी ट्रे दारापाशी ठेवायचो आणि दहा पावलं मागे जायचो. मग त्याने दार उघडायचं, असा नियम होता. एक दिवस त्याने कागदावर अक्षरं काढून दारात धरली. वर मोठी, खाली बारीक. म्हणाला, वाच. मी दुसऱ्या ओळीलाच अडकलो. म्हणाला, माझी बहीण असती तर तुला असा मोकळा सोडला नसता.” तो हसल्यासारखा वाटला. “नंतर चष्मा केला मी. मायनस पावणेदोन.”

“पावणेदोनला दुसरी ओळ अवघडच जाते,” थोरली म्हणाली.

“एक सांगायचंय. राग आला तर फोन ठेवा.”

तिने फोन ठेवला नाही.

“त्या दिवशी सकाळचा ट्रे तसाच राहिला. दुपारचा मी त्याच्या शेजारी ठेवला. आत फोन वाजत होता. थांबायचा, परत वाजायचा. दार ठोठावायचं नाही, असं आम्हाला सांगितलेलं. मला वाटलं, कोणीतरी एवढे फोन करतंय, उठेल आता. खाली कळवलं, तर म्हणाले, खलाशी माणूस आहे, झोपू दे. संध्याकाळी तिसरा ट्रे घेऊन गेलो, तेव्हा मी ठोठावलं.”

थोरलीने भिंगांच्या पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

“ते फोन मी करत होते,” ती म्हणाली. “मला वाटलं, रुसलाय.”

पलीकडे ढकलगाडीची चाकं वाजत गेली. कोणीतरी कोणाला तरी टॉवेल मागत होतं.

“खोली आहे,” तो म्हणाला. “चारशे अकरा, म्हणजे त्याची, नको असेल, तर समोरच्या दोन देतो. आणि त्याची आई येणार आहे ना? तुम्ही म्हणत असाल तर त्या आठवड्यात मी रजा घेतो. तिच्यासमोर मी नको.”

“आईला विचारून सांगते.”

“बरं.”

“चौथी ओळ वाचू का?” मागून बाईंनी विचारलं.

थोरली संध्याकाळी घरी आली, तेव्हा जावई आणि चिंगी पोहायचे कपडे घ्यायला बाजारात गेले होते. आई टेबलाशी बसून लसीची प्रमाणपत्रं एकेका प्लास्टिकच्या पिशवीत घालत होती. थोरलीने पर्स खांद्यावरून उतरवली नाही. समोर बसली आणि तशीच सांगू लागली. कागदावरची अक्षरं, मायनस पावणेदोन. तिथे आई हसली. “नुसता उच्छाद होता पोरगा. जिथे जाईल तिथे माणसं गोळा करायचा.” मग थोरलीने ट्रेबद्दल सांगितलं. आईचे हात थांबले. आत फोन वाजत होता हे सांगितलं, आणि तिथून मागे जाऊन सकाळचा ड्रॉवरही सांगून टाकला.

“मी उचलला नाही, आई. ऐकू आलं होतं मला.”

“माहीत आहे,” आई म्हणाली.

थोरली तिच्याकडे बघत राहिली.

“त्याची बॅग आली ना, तेव्हा त्याचा फोन मी चार्ज केला होता. अजून करते, आठवड्यातून एकदा. माझ्या वाढदिवसाचा आकडा घातला की उघडतो.” तिने पिशवीची कड बोटाने दाबून बंद केली. “सकाळचे तीन त्याचे. दुपारनंतरचे चौदा तुझे.”

“दोन वर्षं तू बोलली नाहीस?”

“कुठल्या तोंडाने बोलू? तुझे चौदा तरी होते. माझा त्यात एकही नव्हता.”

रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती होत नव्हती.

“आदल्या दिवशी मी झापलं होतं त्याला,” आई म्हणाली. “सारखा फोन, सारखा फोन. म्हटलं, बाबा रे, मला दुसरी कामं आहेत की नाहीत? घरी ये आणि मग डोकं खा. म्हणून सकाळी त्याने मला केला नाही, तुला केला. आणि दिवसभर मीही केला नाही. म्हटलं, बघू तरी किती वेळ गप्प राहतो ते.”

थोरलीने पर्स काढून मांडीवर घेतली. तिला आईच्या हातावर हात ठेवायचा होता, पण मध्ये सगळे कागद होते. आईने विम्याचा कागद ओढून त्याची घडी सपाट केली, मग उगीचच पुन्हा तशीच घातली. स्कूटर एकदाची सुरू झाली आणि निघून गेली.

“ट्रेमध्ये काय काय होतं, सांगितलं का त्याने?”

“नाही. मी विचारलं नाही.”

“आचारी माणूस. त्याला काय वाढत होते कोण जाणे.” आई म्हणाली, “समोरच्या दोन खोल्या नकोत. समोरची एक तुम्ही तिघं घ्या. मला तीच घे.”

“आई, तीन रात्री बाहेर येता येणार नाही. दारसुद्धा उघडं ठेवता येणार नाही. एकटी राहशील त्या खोलीत?”

“तो नऊ दिवस राहिला.”

थोरलीने खिडकीकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे.

“त्या माणसाला काय सांगू? रजेचं?”

आईने प्रमाणपत्रांच्या पिशव्या एकावर एक रचल्या, पत्त्यांसारख्या टेबलावर ठोकून सारख्या केल्या.

“घेऊ नकोस म्हणावं. माझा ट्रे कोण आणणार मग?”

थोरलीने लॅपटॉप पुढे ओढला. चारशे अकरा नंबरच्या खोलीपुढे, व्यक्ती किती, तिथे तिने एक लिहिलं. खाली जिन्यात चिंगीचा आवाज आला. दुकानातच फुगवून घेतलेली पोहायची ट्यूब वळणावर अडकली होती आणि हवा सोडायला ती तयार नव्हती. जावई तिला समजावत होता. आई उठली आणि दार उघडायला गेली.