चार ग्रॅम

आमच्या कारखान्यात सकाळी आठ वाजता सगळे गोल करून उभे राहतात आणि प्रत्येक जण काल आपल्या हातून काय चुकलं ते सांगतो. नियम दोनच. दुसऱ्याची चूक आपण सांगायची नाही, आणि सांगितलेल्या चुकीवर कुणी काही बोलायचं नाही. माझ्या आजेसासऱ्यांनी घालून दिलेली रीत. लग्न होऊन इचिकावा गावात आले तेव्हा मला ती फार आवडली होती. किती मोकळी माणसं, असं वाटलं होतं.

त्या गोलात मी एकोणीस दिवस खोटं बोलत उभी राहिले.

आम्ही गोल्फच्या काठ्यांची डोकी बनवतो. तापलेलं मऊ लोखंड ठोकून आकाराला आणायचं, हाताने घासून नेमक्या वजनाला उतरवायचं, मग वर चकाकता थर चढवायला, प्लेटिंगला पाठवायचं. घासायचं काम कुसुमोतोकाकांचं. वय एकाहत्तर, त्यातली त्रेचाळीस वर्षं त्याच घासायच्या पट्ट्यासमोर. डोकं चाकावर धरतात, तळहातावर तोलतात, पुन्हा धरतात. काट्यावर ठेवतात ते अगदी शेवटी, आपलं बरोबर आहे हे काट्याला कळावं म्हणून.

माझी मुलगी नात्सुहो पाच महिन्यांची झाली आणि मी कामावर परतले, ते माझं स्वतःचं डिझाइन घेऊन. डोक्याच्या पाठीमागे खालच्या कडेला दोन भोकं, त्यांत टंगस्टनचे छोटे स्क्रू. तीन, पाच आणि सात ग्रॅमचे. जड स्क्रू दांड्याकडच्या भोकात बसवला की चेंडू एका बाजूला कलतो, टोकाकडच्या भोकात बसवला की दुसऱ्या. ज्याला जसा खेळ हवा तसा त्याने वजन हलवावं.

"लोखंडाला गुंड्या लावताय, सूनबाई," कुसुमोतोकाका म्हणाले होते. "आमच्या वेळी डोकं हलकं निघालं तर शिसं चिकटवायचो. आता स्क्रू. उद्या खिसा शिवाल."

"खिसाही शिवेन, काका. त्यात तुमची विडी ठेवू."

"विडी बंद केली डॉक्टरने. खिशाचं तेवढं मनावर घ्या."

सासऱ्यांना मात्र शंका होती. ते डिझाइनचा कागद उलटा धरून बघत राहिले. ओसाकाच्या हिराओकासाहेबांनी वीस डोकी मागवली तेव्हा कुठे "बघू" म्हणाले. हिराओकांचं काठ्या जुळवून देण्याचं दुकान आहे. त्यांना पटलं तर पुढे दोनशे.

घासणाऱ्यासाठीचं जॉबकार्ड मी लिहिलं. वजन: तीनशे ग्रॅम, स्क्रूसकट.

आता इथेच सांगते. प्लेटिंगचा थर चढला की डोकं चार ग्रॅमने वाढतं. म्हणून कार्डावर नेहमी थर चढण्याआधीचं वजन लिहायचं, म्हणजे दोनशे शहाण्णव. हे आमच्याकडे शाळकरी पोरंही जाणतात. मी तयार मालाचं वजन लिहिलं. नात्सुहोला ताप होता, पाळणाघरातून दोनदा फोन आला होता, हे सगळं खरं आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. कारण काका विचारायला आले होते.

मी मागच्या सामानाच्या खोलीत नात्सुहोसाठी दूध काढत होते. दार लावलेलं. बाहेरून त्यांचा आवाज आला, थोडा लांबून. दाराजवळ यायला संकोचले असणार.

"सूनबाई, कार्डावरचं वजन प्लेटिंगआधीचंच ना?"

पुन्हा पाळणाघराचा फोन वाजत होता. मी म्हणाले, "हो हो, काका, लिहिलंय तेच घासा ना!"

त्या "ना" मधली कटकट मला अजून ऐकू येते.

वीसही डोकी प्लेटिंगहून चकचकीत होऊन आली आणि ओसाकाला गेली. चौथ्या दिवशी हिराओका स्वतः पेटी घेऊन आले. दोन्ही भोकांत सगळ्यात हलके स्क्रू बसवले तेव्हा कुठे वजन जुळत होतं. मग इकडून तिकडे हलवायला उरलं काय? घासून कमी करावं तर थर निघतो. माल बाद.

"डिझाइन छान आहे हो," ते सासऱ्यांना म्हणाले, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "सूनबाईंचं डोकं चालतं. हात मात्र जड झालाय कुणाचातरी. वयाचं आहे, काय करणार."

सासऱ्यांनी कार्ड मागितलं नाही. काकांना विचारलंही नाही. गेल्या वर्षी काकांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तेवढं पुरलं. त्यांनी फक्त हाक मारली, "कुसुमोतो." काका चाक बंद करून आले, एप्रनला हात पुसले, आणि हिराओकांसमोर कमरेतून वाकले. सासरे वाकले. त्यांच्यामागे घरची सून म्हणून मीही वाकले. माझ्या चुकीची माफी काका मागत होते आणि त्यांच्या चुकीची माफी मी मागत होते. जमिनीकडे बघताना मला काकांचे बूट दिसत होते, लोखंडाच्या पिठाने करडे झालेले. ते माझ्याही आधी वाकले होते आणि माझ्यानंतर सरळ झाले.

दुसऱ्या दिवशी गोलात ते म्हणाले, "वीस डोकी जड उतरवली." एवढंच. ते खरंच होतं. जड उतरवलीच होती त्यांनी. माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्याची चूक सांगायची नाही, हा नियम त्यांनी पाळला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "फाइल चुकीच्या कप्प्यात ठेवली."

महिनाअखेर काकांनी घरी बसायचं असं ठरलं. सासरे मला म्हणाले, "वाईट वाटतं गं. पण माणसाने वेळेवर उठावं." मी "हो, बाबा" म्हणाले. माझं पहिलंच काम होतं. ते बुडालं असतं तर पुन्हा कुणी कागद सरळसुद्धा धरला नसता, असं मी स्वतःला समजावत होते. रोज सकाळी गोलात काहीतरी लहानसं कबूल करत होते. चहा सांडला. दिवा चालू राहिला. रात्री नात्सुहोला पाजताना ती माझं बोट मुठीत धरून झोपायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळायचे. इतक्या लहान मुलाची कसली आली लाज! पण यायची.

काका त्या दिवसांत माझ्याशी चेष्टा करत नव्हते. रागही नव्हता. "नमस्कार, सूनबाई. आज गारठा आहे." बस.

एकोणिसाव्या दिवशी ते आपल्या जागी आलेल्या नव्या माणसाला पट्टा कसा ताणायचा ते दाखवत होते. मी जवळून गेले. तो म्हणाला, "आणि कार्डावर शंका आली तर?"

काका म्हणाले, "विचार. दोनदा विचार. दार लावलेलं असलं तरी."

ते मला उद्देशून नव्हतं. मी मागे आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते स्वतःची चूक शोधत होते, आणि त्यांना ती सापडली होती: एकदाच विचारलं.

दुसऱ्या सकाळी गोलात माझी पाळी आली. मी म्हणाले, "वीस डोक्यांच्या कार्डावर मी प्लेटिंगनंतरचं वजन लिहिलं. काकांनी विचारलं होतं. मी न बघता हो म्हणाले. आणि एकोणीस दिवस गप्प बसले."

सांगितलेल्या चुकीवर कुणी बोलायचं नाही. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या शेजारी माझा नवरा उभा होता. तो भट्टीकडे बघत राहिला. मग पुढच्याची पाळी आली आणि त्याने सांगितलं की काल त्याच्याकडून एक साचा ओरखडला.

गोल मोडल्यावर सासरे म्हणाले, "कोट घाल. कुसुमोतो, तुम्हीही चला. नाव जिथे गेलं तिथूनच परत आणायला हवं."

ओसाकाला हिराओकांच्या दुकानात या वेळी मी पुढे उभी राहिले. सगळं सांगितलं. हिराओकांचे कान लाल झाले. ते काकांसमोर वाकून म्हणाले, "आणि मी म्हटलं, हात जड झालाय!"

"झालाच आहे," काका म्हणाले. "पण चार ग्रॅमने नाही."

हिराओका मोठ्याने हसले. सासरे हसले. मला हसता येईना. ऑर्डर त्यांनी ठेवली. नवी वीस घासून द्या, मग दोनशेचं बोलू.

येताना स्टेशनवर सासरे काकांना म्हणाले, "महिनाअखेरचं आता सोडा. तुमचा पट्टा तुमचाच."

काका रुळांकडे बघत होते. "ही वीस घासतो, मालक. मग जातो."

"अहो, पण आता तर—"

"तिचं सोडा. लेकरू घेऊन काम करते, चुकेल. सांगितलंन, झालं." ते थांबले. "तुम्ही मला विचारलं नाहीत. त्रेचाळीस वर्षांत कार्ड दाखवा म्हणाला नाहीत, ते चालायचं. पण त्या दिवशी म्हणायला हवं होतं."

गाडी आली. मी दोघांच्या मागून चढले. मी त्याच दिवशी हिराओकांसमोर बोलले असते तर सासऱ्यांचं ते न विचारणं कुणाला कळलंही नसतं. दोघे शेवटपर्यंत एकमेकांशेजारी नांदले असते. ते मी मोडलं, आणि ते कबुली देऊन जुळणारं नव्हतं.

वीस डोकी काकांनी घासली आणि महिनाअखेर एप्रन धुऊन, घडी घालून ठेवून गेले.

प्लेटिंगहून माल आला त्या दुपारी मी एकेक डोकं काट्यावर ठेवलं. मग नात्सुहोला पाठीशी बांधलं आणि त्यांच्या घरी गेले. ते मागच्या वाफ्यात कांदापात उपटत होते. नात्सुहोने त्यांची टोपी ओढली. "अगं अगं," ते तिला म्हणाले, "टक्कल दिसेल ना सगळ्यांना!"

मी म्हणाले, "काका, वीसच्या वीस. तीनशे. अर्ध्या ग्रॅमचाही फरक नाही."

हे सांगताना माझ्या आवाजात केवढा आनंद होता! जणू मी त्यांना काही द्यायला आले होते.

त्यांनी पातीची माती झटकली, जुडी माझ्या हातात ठेवली आणि माझ्याकडे जरा नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"असणारच," ते म्हणाले, आणि पुन्हा वाफ्यात वाकले.