सांबारातून वाचलेले पाच कांदे

मित्रांनो, मी एक जुना कांदा आहे. सुपारीहून थोडा मोठा, रंगाने तांबूस. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही, तरी सांगतो.

मला बी लागत नाही. एक कांदा मातीत लावला की फाल्गुनापर्यंत त्याच्या जागी सात-आठ जणांचा घोस होतो, आणि ते सगळे मीच असतो. म्हणून मी जुना. मानपूरच्या द्वारकाबाईंनी मला पन्नास वर्षं जपलं. त्यांच्यानंतर मी इंदूरला त्यांच्या भाच्याकडे, श्रीपादरावांकडे आलो. ते कॉलेजात ग्रंथपाल होते. गच्चीवरच्या कुंड्यांत त्यांनी मला मायेने वाढवलं. सगळ्यांत चांगले कांदे खायचे नाहीत, लावायला ठेवायचे, ही मावशीची शिकवण त्यांनी कधी मोडली नाही. ते कांदे स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगलेले असत.

गेल्या फाल्गुनात शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर त्यांनी त्यातले पाच भाजी-प्रदर्शनात मांडले. आम्हाला पहिला नंबर मिळाला, ताटलीला निळी फीत लागली. नाव आपलंच आहे ना, हे पाहायला श्रीपादराव चार वेळा कार्ड वाचून आले.

तेवढ्यात सुनेचा, मंजुषाचा फोन आला. ती नुकतीच लग्न होऊन पुण्याहून आली होती. खिडकीशी टांगलेले सगळे छोटे कांदे घालून आज सांबार केलंय, असं तिने आनंदाने सांगितलं. ते कशासाठी टांगले आहेत, हे श्रीपादरावांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

प्रदर्शनाचा रिवाज असा, की मांडलेली सगळी भाजी संध्याकाळी तिथल्याच भंडाऱ्यात शिजते. आता आम्ही पाचच उरलो होतो, आणि भट्टीवर कढई चढली होती.

श्रीपादरावांना काही मागणं जमत नाही. ते फुलकोबीपाशी उभे राहिले, मग भोपळ्यापाशी. आचाऱ्याने आमची ताटली उचलली, तेव्हा मात्र ते आयोजक मालोजीरावांसमोर गेले. हळूच म्हणाले, "माफ करा, हे कांदे मला परत हवेत. नंबर नको."

मालोजीरावांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ते अस्सल इंदुरी थाटात म्हणाले, "श्रीपादजी, इथे लोक नंबरसाठी लडतात. पाच कांद्यांसाठी फीत परत करणारे तुम्हीच पहिले मिळाले, भिया."

कारण ऐकल्यावर त्यांनी फीत नियमाप्रमाणे ठेवून घेतली आणि आम्हाला स्वतःच्या रुमालात बांधून दिलं.

घरी श्रीपादराव जेवायला बसले. वाटीत माझीच भावंडं होती. त्यांनी वाटी दुसऱ्यांदा पुढे केली. रुमाल पाहून मंजुषाने विचारलं, तेव्हा तिला सगळं कळलं आणि तिचा चेहरा उतरला.

"चूक माझी," ते म्हणाले. "तुला सांगायला हवं होतं. सांबार मात्र पहिल्या नंबरचं झालंय."

कार्तिकात आम्ही पाच जण मातीत गेलो. आज गच्चीवर अडतीस आहोत. लावायचे कांदे या वेळी मंजुषाने निवडले आणि जुडीला चिठ्ठी बांधली: 'सांबारासाठी नाही.' एक घोस मालोजीरावांकडे गेला, त्यांच्याच धुतलेल्या रुमालात.

मित्रांनो, मला जरूर खा. त्याचा मला राग नाही, चुलीवरही माझं भलंच झालं आहे. फक्त आधी चार कांदे बाजूला ठेवा, आणि ते का ठेवले हे घरात सगळ्यांना सांगा. ज्यांनी मला जपलं, त्यांचे आभार मी दर फाल्गुनात मानतो, एकाचे आठ होऊन. त्याहून जास्त मला काही येत नाही.