मी फुगोबा, मागच्या खोलीचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे आणि मला राग धरून ठेवता येतो. पुढच्या दरवाज्यासारखा मी मानाचा नाही. त्याला पितळी कडी, त्याला नावाची पाटी, त्याला घंटी. मी आपला मागच्या खोलीचा. सुताराने तो दरवाजा अखंड सागवानातून घडवला आणि उरल्यासुरल्या फळ्या जोडून मला उभं केलं. "मागेच तर लावायचाय," असं तो म्हणाला होता. जन्मल्या जन्मल्या कानावर पडलेलं ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. यावरून माझा स्वभाव काय तो ओळखा.

माझ्या शेजारची भिंत न्हाणीघराची. तिच्या पोटातला नळ कधीपासून गळतो. भिंत ते पाणी गुपचूप पिते आणि ओल माझ्यापर्यंत येते. मग मी फुगतो. घरातले म्हणायचे, "मागचं दार फुगलंय." रुसून बसलेल्या माणसालाही आपण फुगलाय असंच म्हणतो ना? माझ्या बाबतीत दोन्ही खरं होतं.

मला फुगोबा हे नाव आत्याने ठेवलं. घरधन्याची ही बहीण, त्याची बायको गेल्यावर त्याचं पोर सांभाळायला आली आणि इथलीच झाली. माझ्याशी वागायची रीत तिला एकटीला कळली होती. मूठ दोन्ही हातांनी धरायची, मला थोडं वर उचलायचं आणि मग ढकलायचं. "ऊठ रे फुगोबा, फार वेळ फुगू नये," असं ती म्हणायची, आणि मी अलगद उघडायचो. माझ्या बिजागऱ्यांना तेल द्यायला ती कधी चुकली नाही. मित्रांनो, त्या तेलाला मी जागलो. पुढे जे घडलं ते त्यापायीच.

तिने वाढवलेलं ते पोर म्हणजे छोटू. आता त्याचं पोट सुटलंय, डोक्यावर चंद्र दिसतोय, तरी आत्याच्या तोंडी तो छोटूच. माझी रीत आत्याने त्यालाही शिकवली होती, पण त्याला लाथ सोपी वाटली. मी आत उघडणारा दरवाजा, त्यामुळे बाहेरून लाथ बसली की उघडावंच लागे.

"अरे, लागतं त्याला," आत्या म्हणायची.

"लाकडाला कुठे लागतं गं?" तो हसायचा.

लागतं. माझ्या खालच्या फळीवर त्याच्या टाचेचा खळगा पडलाय. वडील गेले, घर त्याच्या नावावर झालं, तो लग्न करून लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला गेला. भेटायला आला की आत्याआधी मला लाथ भेटायची.

एक दिवस तो म्हणाला, "आत्या, हे घर विकू. तू माझ्याकडे यायचंस. तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय."

आत्या हरखली. माझ्या बिजागरीत तेल सोडताना मला म्हणाली, "फुगोबा, माझा छोटू मला नेतोय बरं का." आणि तिने आपल्या कपड्यांचं गाठोडं बांधायला घेतलं.

मग दलाल आला. माणूस गोड बोलणारा, चपला मात्र दारात न काढणारा. घर गिऱ्हाइकाला कसं दाखवायचं, याचे त्याने छोटूला धडे दिले. भिंतीवरचे घरच्यांचे फोटो उतरवा, बघणाऱ्याला स्वतःची माणसं तिथे दिसली पाहिजेत. अर्धं सामान हलवा, खोल्या मोठ्या वाटतात. दात घासायचे ब्रश, औषधांच्या बाटल्या, वाळत घातलेले टॉवेल, काही दिसता कामा नये. दिवसाढवळ्यासुद्धा सगळे दिवे लावा. चुलीवर दालचिनी उकळत ठेवा, घराला उबदार वास येतो. ओलीच्या डागावर रंग मारा, आणि गिऱ्हाइकं येऊन जाईपर्यंत न्हाणीघराच्या पाण्याची चावी बंद ठेवा. म्हणजे रंग सुकेल आणि टिकेल.

"आणि हा दरवाजा?" छोटूने मला लाथ मारून विचारलं.

"अडणारं दार बघून माणूस दहा ठिकाणी ओल शोधतो," दलाल म्हणाला. "तासून टाका."

छोटूने सुतार बोलावला नाही. शेजाऱ्याचा रंधा मागून आणला आणि स्वतःच भिडला. मी तेव्हा ओलीने टम्म फुगलेलो. फुगलेला दरवाजा त्याने तासला, मित्रांनो, तो वाळल्यावर केवढा उरेल याचा जराही विचार न करता. माझी कड सोलून निघत होती आणि हा घाम पुसत स्वतःवरच खूश होत होता. मी मनात म्हटलं, तास बाबा, हवा तेवढा तास.

त्याच दिवशी, माझ्याच आडोशाला उभं राहून, दलालाने हळूच विचारलं, "म्हातारीचं काय?"

"बघतोय एखाद्या आश्रमात," छोटू म्हणाला. "बायकोला चालत नाही. आत्याला इतक्यात सांगायला नको, रडारड करेल."

आत त्याच खोलीत आत्या गाठोड्याला गाठ मारत होती. तिला ऐकू गेलं नाही. मला गेलं. लाथ मी एक वेळ सोडून दिली असती, हे नाही. त्या क्षणी मी ठरवलं की याचा वचपा काढायचा. पण दरवाज्याला ना हात, ना तोंड. मी वाट बघत राहिलो. पाण्याची चावी बंद होती, भिंत सुकत होती आणि मी रोज थोडा थोडा आकसत होतो.

गिऱ्हाइकं यायचा दिवस उजाडला. पुढच्या खोलीत ताजी फुलं, नवे पडदे, दालचिनीचा घमघमाट. आणि जे जे दाखवायचं नव्हतं ते सगळं माझ्या पाठीमागे कोंबलेलं: खोकी, बादल्या, उतरवलेले फोटो, औषधं. शेवटी छोटूने आत्यालाही हाताला धरून आणलं आणि स्टुलावर बसवलं.

"थोडा वेळ आत बस, आत्या. आवाज करू नकोस. खोकला आला तर ही गोळी चघळ."

"का रे, मी बाहेर बसले तर?"

"राहतं माणूस दिसलं की लोकांना घर आपलं वाटत नाही."

आत्याने विणकाम मांडीवर घेतलं. छोटूने मला ओढून लावलं आणि खटका बसला की नाही हे न बघताच गेला. खटका बसला नव्हता. वाळून मी एवढा रोडावलो होतो की तो चौकटीतल्या भोकापर्यंत पोचतच नव्हता. मी नुसता टेकून उभा होतो.

एक तरुण जोडपं आलं. त्यांनी दिव्यांचं कौतुक केलं, फुलांचा वास घेतला. ते बोळातून माझ्यापुढे आले तसा दलाल घाईने म्हणाला, "ही अडगळीची खोली, यात काही नाही."

आणि मी उघडलो. मित्रांनो, कुणी हातसुद्धा लावला नाही. सावकाश, एक कुरकूरही न करता, आत्यानेच दिलेल्या तेलावर मी पूर्ण उघडलो. आयुष्यात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

बादल्यांच्या आणि फोटोंच्या मधोमध, गालात गोळी धरून, आत्या बसली होती.

"आजी, तुम्ही इथे राहता?" त्या तरुणीने विचारलं.

"पाहुण्या आहेत," छोटू म्हणाला.

"ताबा रिकामाच मिळणार तुम्हाला," दलाल म्हणाला. "यांची आश्रमात सोय होतेय."

आत्याने गोळी तोंडातून काढून रुमालात ठेवली. तिने छोटूकडे पाहिलं, आणि छोटू माझ्याकडे बघू लागला, जणू गुन्हा माझाच.

"आश्रमात," आत्या म्हणाली. मग ती त्या तरुणीकडे वळली. "घर चांगलं आहे हो. तेवढा या भिंतीतला नळ गळतो. आता चावी बंद आहे म्हणून कोरडी दिसतेय. चला, चावी सोडून दाखवते."

तिला उठावंसुद्धा लागलं नाही. त्या नवऱ्याने भिंतीच्या नव्या रंगाला नख लावलं आणि पापुद्रा हातात आला. दोघं निरोप घेऊन निघाले. आत्या त्यांना पुढच्या दारापर्यंत सोडायला गेली, पाणी हवं का म्हणून विचारायला विसरली नाही. दलालही त्यांच्या मागोमाग सटकला.

मागे उरलेला छोटू एकटाच माझ्या खोलीत शिरला. रागाने त्याने मला असं काही धाडकन लावलं की माझ्या खालच्या बिजागरीचा स्क्रू निसटला. वर्षानुवर्षांच्या लाथांनी तो आधीच खिळखिळा झाला होता. मी कोपऱ्यावर बसलो, फरशीत रुतलो आणि चौकटीत तिरका अडकलो. त्याने मूठ ओढली. मी हललो नाही. मग त्याने सवयीने लाथ मारली. आत उघडणाऱ्या दरवाज्याला आतून लाथ मारली की तो आणखी घट्ट बसतो, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तो मारत गेला, मी बसत गेलो.

"आत्या, दार उघड."

आत्या आली, पण तिने मुठीला हात लावला नाही. बोळात खुर्ची ओढून बसली.

"थोडा वेळ आत बस, छोटू," ती म्हणाली. "आवाज करू नकोस. खोकला आला तर गोळी आहे स्टुलावर, रुमालात."

त्याच्या लाथा थांबल्या. भोवती खोकी, बादल्या, आणि त्या फोटोंत आत्याच्या कडेवर बसलेला तो स्वतः. त्याने एक फोटो उचलून बाहीने पुसला.

"आत्या, तू कुठेही जायचं नाहीस," आतून आवाज आला. "घर नाही विकत मी."

"माझ्याकडे ये, असंही म्हणाला होतास. ते खरं होतं का?"

"नव्हतं."

"मग हे कशावरून खरं?"

याला उत्तर देताना छोटू रडला. त्याची मला अजिबात दया आली नाही. आत्याला आली. तिने उठून दोन्ही हातांनी मूठ धरली, मला उचललं आणि ढकललं.

घरावरची "विकणे आहे" ही पाटी छोटूला तिने त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने काढायला लावली. त्या पाटीचीच पाचर कापून आता माझ्या खचलेल्या कोपऱ्याखाली बसवली आहे. फोटो भिंतीवर परत लागले. आत्याचं गाठोडं सुटलं, छोटूच्या शब्दावर मात्र ती आता विसंबत नाही. पुढच्या दाराची किल्ली तिच्या कमरेला असते आणि छोटू घंटी वाजवून उभा राहतो.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या दारांना तेल देत जा, लाथ मारू नका. आणि माझ्यासारख्या दाराआड सामान खुशाल ठेवा, पण आपलं माणूस लपवू नका. आत्याने छोटूला माफ केलं असेल, तिचं ती जाणे. मी केलेलं नाही. आत्याची औषधं आणायला तो या खोलीत येतो, तेव्हा मूठ दोन्ही हातांनी धरतो, मला नीट उचलतो, रीतीप्रमाणे ढकलतो. मी तरीही जरा वेळ अडतो.