चालकाचं नाव

“वहिनी, तुम्ही फक्त गप्प राहायचं. बाकी माझ्यावर सोडा,” विमा एजंट असलेले दीर म्हणाले आणि पंख्याने उडणारा पॉलिसीचा कागद त्यांनी बशीखाली दाबला.

“गप्प कशी राहू? ट्रॅकवर गाडी न्यायची तर कंपनीला सांगायला नको?”

“सांगितलं की फसलात. साध्या पॉलिसीत स्पष्ट आहे, ट्रॅकवर काही झालं तर भरपाई नाही. म्हणून ट्रॅकवर काही होतच नसतं. ठोकली, तर लोक टोचन करून गाडी गेटबाहेर आणतात, हमरस्त्याच्या कडेला लावतात आणि एजंटला फोन करतात. कुत्रं आडवं आलं, वाचवायला गेलो, कठड्यावर आदळली. मिटलं.”

“अशी किती कुत्री आडवी आणलीत भाऊजी, आजवर?”

“मोजली नाहीत. पण एकही मेलं नाही.”

दीर हसले, टेबलाच्या टोकाला बसलेला मुलगाही हसला. बाई हसल्या नाहीत.

ट्रॅक शहराबाहेर होता. एरवी तिथे शर्यती होत. महिन्यातला एक दिवस तो कोणालाही खुला असे. हेल्मेट घालायचं आणि आपलीच रोजची गाडी हवी तेवढी पळवायची. नंबर नाही, बक्षीस नाही, समोरून येणारं कोणी नाही. बाईंनी त्याची जाहिरात दवाखान्यात गुडघा दाखवायला गेल्या असताना वाचली, आणि तेव्हापासून हा विषय घरातून हलायला तयार नव्हता.

बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत असत. उभं आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. तो त्या इतक्या अचूक वेळी दाबत की विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव ब्रेकबाई ठेवलं, आणि पुढे मालकही पगाराच्या दिवशी तेच म्हणू लागला. स्कूल बंद पडलं, नाव राहिलं. निम्म्या शहराला त्यांनी हळू चालवायला शिकवलं होतं. स्वतः मात्र अ‍ॅक्सिलरेटर एकदाही तळाला टेकवला नव्हता.

घरची गाडी नवऱ्याच्या नावावर होती, विमाही त्याच्याच नावावर. त्याला गाडी चालवायची भीती वाटे. प्रवास लांबचा असो की बाजारापर्यंतचा, स्टिअरिंगवर बाईच. फक्त सासरी जाताना घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावर गाडी थांबायची, दोघं उतरून जागा बदलायची आणि फाटकातून आत शिरताना तो स्टिअरिंगवर असायचा. तेव्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी तो गेला. गाडी बाईंच्या नावावर झाली, आणि तिच्यासोबत इतकी वर्षं एकही क्लेम केला नाही म्हणून मिळणारी सूटही आली. दीर तिला ‘दादाचा बोनस’ म्हणत, एखाद्या पदकाबद्दल बोलावं तसं.

“दादाची पाटी कोरी आहे, वहिनी. एक ओरखडा नाही. ती तरी सांभाळा.”

बाईंनी बशी उचलली आणि कागदाची घडी घातली. “उद्या मी विमा कंपनीच्या ऑफिसात जाते. ट्रॅकसाठी एका दिवसाचा वेगळा विमा मिळतो म्हणे.”

“आई, या वयात हे कशाला?” मुलगा म्हणाला.

“या वयातच. त्याआधी तुला शाळेत सोडायचं होतं.”

*

विमा कंपनीच्या ऑफिसात काचेआड बसलेल्या अधिकाऱ्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. सोबत कोणी येतंय का, ते पाहण्यासाठी.

“गाडी कोणाची?”

“माझी.”

“ट्रॅकवर चालवणार कोण?”

“मी.”

तो थोडा वेळ कीबोर्डवर टाइप करत राहिला. माणूस उद्धट नव्हता. टेबलावर त्याच्या मुलीने काढलेलं चित्र होतं, गाडीपेक्षा मोठी चाकं असलेली गाडी.

“अडचण अशी आहे मॅडम, की तुमच्या नावावर चालक म्हणून काहीच दिसत नाही. पॉलिसी गेल्या वर्षापासून. त्याआधीची सगळी मिस्टरांच्या नावावर.”

“मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे.”

“त्या गाड्या स्कूलच्या नावावर असणार.”

“हो. पण शिकवणारी मीच होते ना?”

“असालच हो. पण आमच्याकडे दिसायला हवं.” त्याने खुर्ची थोडी पुढे ओढली, आवाज खाली आणला. “एक करा. घरात मुलगा आहे का? चालवतो? मग चालक म्हणून त्याचं नाव टाकू. आत्ता, दहा मिनिटांत होईल. तिकडे स्टिअरिंगवर कोण बसलंय ते कोण बघतंय?”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला.

“घरी दिरांनीही असंच सुचवलं. त्यांना कमिशन असतं. तुम्हाला काय असतं?”

अधिकाऱ्याचे कान लाल झाले. शेजारच्या टेबलावरचा कारकून उगाचच स्टेपलर शोधू लागला.

“मी सोयीचं सांगितलं, मॅडम.”

“सोय माझी नाही झाली त्यात. तुमच्या नियमात बसेल असं काय आहे, ते सांगा.”

नियमात बसेल असं एक होतं, आणि ते त्याने मोठ्या अनिच्छेने सांगितलं. नवशिक्या चालकांसाठीची अट. एका दिवसाचा विमा मिळेल, पण नुकसानीचा पहिला मोठा भाग मालकाने स्वतः सोसायचा. तो भाग इतका मोठा होता की गाडीचा चक्काचूर झाला तरच कंपनीकडून काही हाती लागलं असतं. दार चेपलं, बंपर गेला, तर घरच्या खिशातून.

“म्हणजे तसा काही उपयोग नाही,” तो म्हणाला. “आणि वर तुम्हाला नवशिकी म्हणून सही करावी लागेल. तुम्ही एवढी वर्षं शिकवलंत... बरं दिसणार नाही ते.”

“चालकाच्या जागी नाव कोणाचं येईल?”

“तुमचं.”

“मग आणा. नवशिकी तर नवशिकी.”

*

ट्रॅकवर मुलगा सोबत आला. गेटवर हेल्मेट देणाऱ्याने ते त्याच्याच हातात दिलं. त्याने ते आईकडे सरकवलं तेव्हा देणारा म्हणाला, “अच्छा,” आणि लहान मापाचं शोधायला आत गेला.

पहिल्या फेऱ्यांना शेजारी ट्रॅकवरचा प्रशिक्षक बसला. सडपातळ, सदा पेंगुळलेल्या डोळ्यांचा माणूस.

“मॅडम, एकच लक्षात ठेवा. ब्रेक वळणाच्या आधी. वळणात शिरलात की ब्रेकला हात... म्हणजे पाय लावायचा नाही. मध्येच दाबलात तर मागची बाजू निघून जाते.”

“कळलं.”

“कळतं सगळ्यांना. पायाला कळायला हवं.”

तीन फेऱ्या झाल्या. प्रशिक्षक उतरला, त्याने अंगठा दाखवला आणि बाई एकट्याच निघाल्या.

सरळ पट्ट्यावर त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणखी दाबला, आणि पाय तळाला टेकला. बाजाराच्या पिशव्या वाहणाऱ्या त्या गाडीने असा आवाज कधी काढला नव्हता. डॅशबोर्ड थरथरू लागला. त्यांना वाटलं होतं भीती वाटेल. वाटला तो राग. ही गाडी इतकी वर्षं हे करू शकत होती, आणि कोणी सांगितलं नाही.

वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला, गाडी आत घातली. सगळं नीट होतं. मग वळणाच्या मध्यावर, काहीही बिघडलेलं नसताना, फक्त वेग नेहमीपेक्षा जास्त आहे एवढ्यावरून, पायाने आपणहून निर्णय घेतला. शेजारच्या सीटवरून हजारो वेळा घेतला होता तोच. गाडीची मागची बाजू सुटली. मैदान एकदा डावीकडून उजवीकडे गेलं, परत एकदा गेलं, आणि चालकाच्या बाजूचं दार कडेला रचलेल्या टायरच्या भिंतीत जाऊन रुतलं.

मुलगा कुंपणाकडून धावत आला. त्याच्या आधी झेंडेवाला पोहोचला होता. दार उघडेना, म्हणून बाई दुसऱ्या बाजूने बाहेर आल्या. हेल्मेट काढलं. केस चप्प बसले होते.

“लागलं का? आई, लागलं का कुठे?”

“नाही. वळणात ब्रेक दाबला मी.” त्या चेपलेल्या दाराकडे बघत होत्या. “गाढवासारखा. विद्यार्थ्याने दाबला असता तर खाली उतरवला असता.”

मुलाने तोवर काकाला फोन लावला होता. ऐकता ऐकता तो मान हलवत होता. मग त्याने फोन छातीला धरला.

“काका म्हणतोय, गाडी चालतेय ना? मग अशीच गेटबाहेर काढायची. हमरस्त्यावर. या एका दिवसाच्या विम्यातून काही मिळणार नाही, आपल्या नेहमीच्या पॉलिसीतून घेऊ. मी चालवत होतो असं सांगायचं. माझ्या बाबतीत कोणी प्रश्न विचारणार नाही.”

“दे इकडे.”

बाईंनी फोन घेतला. “भाऊजी, आज कुत्रं नाही.”

“वहिनी, ऐका तर खरं...”

“गाडी मी ठोकली. ट्रॅकवर ठोकली. क्लेम या विम्यातून करायचा.”

“पण त्यात छदाम मिळणार नाही! आणि विमा एका दिवसाचा असला तरी क्लेम नोंदला की दादाचा बोनस जाणार. फुकट. काही न मिळता. कोण करतं असं?”

“मी करते.”

त्यांनी फोन मुलाला परत दिला. घरी जाताना त्याने किल्ली मागितली नाही.

*

नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर दोन दिवसांनी घरी आला. दीर आधीच येऊन बसले होते. रात्री नीट झोपले नसावेत. दाढी एका बाजूला राहिली होती. सर्व्हेअर खाली गाडीपाशी मोजमाप घेत असताना ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, “अजून वेळ आहे. मी बोलतो त्याच्याशी, क्लेम मागे घेऊ. ओळखीचा आहे.”

“नको.”

“माझ्यासाठी नका ऐकू. दादासाठी तरी? त्याच्या नावाचं आता राहिलंय काय? घड्याळ मुलाने घेतलं, कपडे देऊन टाकलेत. हा एक बोनस. इतकी वर्षं गाडी हाती असून कुठे घासली नाही, हे कुठेतरी लिहिलेलं आहे. ते पुसताय तुम्ही.”

या बाजूने बाईंनी विचार केला नव्हता, आणि मुद्दा खोटा नव्हता.

“भाऊजी, तुमचा दादा कोपऱ्यापासून फाटकापर्यंत चालवायचा.”

दिरांनी मान खाली घातली.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “वरच्या खिडकीतून दिसायचं. तुम्ही दोघं उतरायचात, जागा बदलायचात. आई म्हणायची, बघितलं नाही असं समज.”

“म्हणजे सगळ्यांना माहीत होतं,” बाई म्हणाल्या.

“वाईट कोणालाच वाटत नव्हतं, वहिनी.”

“मला विचारलं होतंत?” आवाज चढला नव्हता. “त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्या. माणूस चांगला होता, त्याला बोनसची गरज नाही. हे मात्र माझं आहे. चांगलं नसेल, पण माझं आहे.”

खालून सर्व्हेअरने हाक मारली. मुलगा, दीर आणि बाई तिघंही खाली गेले. सर्व्हेअरने पेनाचं टोपण दातांत धरून काढलं.

“अपघाताच्या वेळी चालक?”

दिरांनी घसा खाकरला. मुलाने त्यांच्याकडे पाहिलं. दीर म्हणाले, “वहिनी चालवत होत्या.”

सर्व्हेअरने लिहिलं. “कारण?”

“वळणात ब्रेक दाबला,” बाई म्हणाल्या. “माझी चूक.”

“असं लिहू? यात तुमचं...”

“असंच लिहा.”

त्याने खांदे उडवून लिहिलं. मग मागे सरकून गाडी पाहिली. “फोटो काढायचे आहेत. इथे सावली पडतेय दारावर. जरा पुढे उन्हात घ्याल?” आणि त्याने सवयीने मुलाकडे हात केला.

मुलगा जागचा हलला नाही.

चालकाचं दार उघडत नव्हतंच. बाई गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या. त्यांनी साडी आवरून घेतली, दुखरा गुडघा आधी आत टाकला, मग गिअरवरून एक पाय, मग दुसरा. मध्ये कुठेतरी अडकल्या, सीट मागे ढकलावी लागली. चप्पल खाली पडली. दीर पुढे व्हायला निघाले, तसा मुलाने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

तिघे पुरुष उन्हात उभे राहिले. वेळ लागला. मग आतून सीट पुढे सरकल्याचा आवाज आला, आरसा हलला, आणि गाडी सुरू झाली.