काठावरचे कृमी

लिओना फ्रीझनने सकाळपासून तिसऱ्यांदा मोजलं आणि तिसऱ्यांदा तोच रडका आकडा आला. पन्नास कृमी सोडले, त्यातले लोण्याच्या वासाकडे गेले एकोणीस. बाकीचे बशीभर उनाडत होते.

"मेल्यांनो, नाक दिलंय ना तुम्हाला," ती सूक्ष्मदर्शकात डोळे घालून पुटपुटली.

नाक म्हणजे काय, तर पेशींची एक जोडी. मिलिमीटरभर लांबीच्या या कृमीला मेंदूबिंदू सगळं मिळून तीनशे दोन चेतापेशी, आणि लोण्याचा वास ओळखायला त्यातल्या दोन. त्या जाग्या झाल्या की हिरव्या चमकाव्यात, असे कृमी प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केलेले. लिओनाचा प्रबंध एका वाक्याचा होता: पेशी चमकली की कृमी वासाकडे जातो. पेशी इमानेइतबारे चमकत होत्या. कृमी जात नव्हते. याच वाक्यासाठी ती पाच वर्षं विनिपेगच्या थंडीत, इंजिन गोठू नये म्हणून गाडी विजेच्या हीटरला जोडून ठेवत, इथे येत होती, आणि उद्या, शुक्रवारी, तिचे मार्गदर्शक प्रोकॉप हे काम नव्या विद्यार्थ्याला देऊन टाकणार होते. "ताज्या हातांना बघू दे," म्हणाले होते. तिचे हात शिळे झाले होते म्हणे.

खरा संताप वेगळाच होता. डेसमंडच्या हातून प्रयोग होत होता. डेसमंड म्हणजे अठ्ठावीस वर्षं इथल्या बशा भरणारा तंत्रज्ञ. काल त्याने सहज म्हणून करून पाहिला, तर पन्नासातले चव्वेचाळीस लोण्यापाशी. तेच कृमी, वासाची तीच बाटली, तेच टेबल. लिओनाने हाताला लावायचं क्रीम सोडलं, साबण बदलला, डब्यातल्या पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, लोण्याशिवाय खाल्ल्या. काडीचा फरक पडला नाही.

"माझ्यासमोर कर," स्टूल ओढत डेसमंड म्हणाला.

"परीक्षा घेतोस?"

"करमणूक. कर तू."

बशीच्या मध्यावर जिवाणूंचा दाट थर होता, तेच कृमींचं जेवण. बहुतेक जण त्यातच लोळत पडले होते. लिओनाने बारीक तार ज्योतीत तापवली, गार केली आणि काठाच्या मोकळ्या जागेत भटकणारा एक उचलला. मग दुसरा.

"थांब. मधल्यांना का हात लावत नाहीस?"

"अन्न चिकटून येतं, वासात भेसळ होते. काठावरचे स्वच्छ निघतात."

"मी मधलेच घेतो आणि धुतो. काठावरचे ताटावरून उठलेले असतात, पोरी. त्यांना वास येतो गं. जायचं नसतं त्यांना."

तिने उचललेले दोन्ही बाजूला काढले. मग तिने मधले पन्नास उचलले, धुतले, सोडले आणि तासभर घड्याळाकडे बघत बसली. सेहेचाळीस गेले.

आनंद व्हायला हवा होता. तिला रडू येत होतं, आणि डेसमंडला एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. पाच वर्षांच्या वह्या भरल्या त्या नेमक्या पोट भरून निघालेल्यांच्या.

"एकदा तरी शेजारी येऊन बसायचं होतंस."

"तू बोलावलं नाहीस."

ती तडक प्रोकॉपच्या खोलीत गेली. त्यांनी आकडे दोनदा वाचले.

"काठावरून उचलायला शिकवलं कुणी तुला?"

"तुम्ही. पहिल्याच दिवशी."

"शक्य नाही. मी असलं काही शिकवणार नाही." ते उठून प्रयोगशाळेत टेबलापाशी आले; डेसमंड अजून तिथेच होता. "दे इकडे ती तार. नीट बघ, कसं उचलतात ते."

त्यांचा हात सराईत होता. तार तापली, गार झाली, खाली उतरली. पहिला कृमी मोकळ्या काठावरून आला. दुसराही तिथूनच. तिसऱ्याला हात अधांतरी थांबला.

लिओनाने डेसमंडकडे पाहिलं. 

"उद्याचं राहू दे," प्रोकॉप म्हणाले. डोळे त्यांनी अजून वर केले नव्हते. "डेसमंड, माझ्या हाताखाली किती जण शिकून गेले?"

"अकरा," डेसमंड म्हणाला. "हिला धरून."